शिकून मिळालेले समाधान : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४ (लेखांक ६)

मागील लेखांकात हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा, म्हणजे अंजीर, द्राक्षवेल, जैतून आणि गोठ्यातील जनावरे ही उपजीविकेची सारी साधने हातची गेली असताना उच्चारलेल्या आनंदाचा विचार झाला. तो आनंद शेतकऱ्यावर कोसळलेल्या अरिष्टातला होता. प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रातला आनंद कैद्याच्या बेड्यांतला आहे. चार अध्यायांच्या आणि १०४ वचनांच्या या लहानशा पत्रात आनंद आणि आनंद करणे या अर्थाचे शब्द मूळ ग्रीकमध्ये सोळा वेळा येतात, त्यामुळे त्याला ‘आनंदाचे पत्र’ म्हणण्याची प्रथा पडली हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या नावाबरोबर असा एक समजही रूढ झाला की, पौल मुळातच उल्हासी स्वभावाचा असावा आणि म्हणून तुरुंगही त्याला जड गेला नसावा. पत्र सावकाश वाचणाऱ्याला हा समज फार वेळ टिकवता येत नाही.

पत्र कोठून लिहिले गेले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेने रोम हे स्थळ आणि इ. स. ६० ते ६२ हा काळ मानला जातो, तर काही अभ्यासक कैसरिया किंवा इफिस येथील कैदेकडे बोट दाखवतात. स्थळ कोणतेही धरले तरी कैदेचे स्वरूप मात्र फारसे बदलत नाही. रोमी न्यायव्यवस्थेत तुरुंगवास ही सहसा स्वतंत्र शिक्षा नसे. निवाडा होईपर्यंत आरोपीला अडकवून ठेवण्याची ती सोय असे, आणि निवाडा कधी होईल व त्यात सुटका मिळेल की मृत्युदंड, हे कैद्याला ठाऊक नसे. अन्न, वस्त्र आणि आजारपणातली शुश्रूषा यांसाठी कैद्याला बहुधा बाहेरच्या आप्तमित्रांवर अवलंबून राहावे लागे, त्यामुळे ज्याला बाहेर कोणी नाही त्याची उपासमार होण्याचीच शक्यता अधिक. पहिल्या अध्यायात पौल जगणे आणि मरणे या दोन्ही शक्यता समोर ठेवून लिहितो, तो केवळ आध्यात्मिक चिंतनाचा भाग नाही. त्याच्या खटल्याचा निकाल खरोखरच लागलेला नव्हता.

ज्यांना पत्र लिहिले ते फिलिप्पैकर या सगळ्याशी परिचित होते. मासेदोनियातील हे नगर इ. स. पू. ४२ च्या लढाईनंतर रोमी वसाहत बनले होते, निवृत्त सैनिक तेथे वसवले गेले होते आणि रोमी नागरिकत्वाचा अभिमान नगराच्या अंगात मुरलेला होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायानुसार याच नगरात पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकण्यात आले होते, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत स्तोत्रे गात असताना इतर कैदी ऐकत होते. थुवतीरा गावची जांभळ्या वस्त्रांची व्यापारी लुदिया आणि त्या रात्री विश्वास ठेवणारा तुरुंगाधिकारी यांच्या घरांतून ही मंडळी उभी राहिली. म्हणून पौलाने आनंदाविषयी लिहिले तेव्हा त्याच्या शब्दांची पारख करण्यासाठी फिलिप्पैकरांजवळ डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता, ही गोष्ट भाष्यकारांनी मानली त्याहून अधिक महत्त्वाची आहे.

पत्रातील आनंदाचा विषय पाहिला तर तो पौलाच्या स्वतःच्या स्थितीत जवळजवळ कोठेच सापडत नाही. बेड्यांमुळे सुवार्तेची वाट बंद होण्याऐवजी पहारेकऱ्यांपर्यंत ती पोहोचली, म्हणून तो आनंदित आहे. काही जण हेव्याने, त्याच्या बेड्यांचे दुःख वाढावे अशा हेतूने प्रचार करतात, तरी ख्रिस्ताचेच नाव गाजते आहे, म्हणूनही तो आनंद मानतो. येथे ख्रिस्ती आनंदाची पहिली खूण दिसते : तो सुखद भावनेचा पर्याय नाही, तर आपल्या सुखदुःखाहून मोठ्या अशा एका वस्तुस्थितीला मनाने दिलेली संमती आहे, आणि ती वस्तुस्थिती, म्हणजे ख्रिस्ताचे मरण, पुनरुत्थान आणि राज्य, कैद्याच्या कोठडीत काय घडते यावर अवलंबून नाही. प्रभूमध्ये आनंद करा, अशी आज्ञा पौल देऊ शकतो ती यामुळेच. कारण भावना आज्ञेने उत्पन्न करता येत नाही, परंतु मन कोठे टेकवावे हे सांगता येते.

दुसरी खूण अधिक दुर्लक्षित आहे, आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहावे लागते. फिलिप्पैकरांची मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत जाण्याइतका आजारी पडला होता. तो बरा झाला याविषयी दुसऱ्या अध्यायात लिहिताना पौल म्हणतो की, देवाने त्याच्यावर दया केली आणि पौलावरही केली, नाहीतर दुःखावर आणखी एक दुःख आले असते. ‘आणखी एक’ म्हणण्यात पहिले दुःख होतेच, हा कबुलीजबाब आहे. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत लिहीत असल्याचे सांगतो. आनंदाची आज्ञा आणि हे अश्रू एकाच पत्रात, काही ओळींच्या अंतराने, एकमेकांना खोडून न काढता नांदतात.

त्या काळातील स्तोयिक विचारांशी तुलना केली की हा फरक ठळक होतो. स्तोयिक ही इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनोने सुरू केलेली तत्त्वज्ञानाची परंपरा. तिचे म्हणणे असे की, सद्गुण हेच एकमेव खरे हित असून शहाण्या माणसाने बाह्य परिस्थितीपासून मनाने स्वतंत्र, म्हणजे स्वयंपूर्ण व्हावे. लालसा, भीती, सुखलोलुपता आणि दुःख हे चार विकार ही परंपरा मानते, आणि त्यांपैकी तिघांना शुद्ध झालेली उत्तम रूपे असतात असेही सांगते : लालसेच्या जागी शुभेच्छा, भीतीच्या जागी सावधपणा, सुखलोलुपतेच्या जागी आनंद. दुःखाला मात्र असे उत्तम रूप नाही, कारण पूर्ण शहाण्याला दुःख होऊच नये. स्तोयिकांनाही आनंद ठाऊक होता. पण त्यांच्या आनंदी माणसाला मित्राच्या खाटेशी बसून व्याकूळ होण्याची मुभा नव्हती. पौलाला ती आहे, आणि त्याच्या समाधानाला त्यामुळे बाधा येत नाही.

चौथ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात पौल स्वतःच्या समाधानासाठी स्तोयिकांचाच लाडका शब्द, स्वयंपूर्णता सुचवणारा, वापरतो. याच काळात नीरोचा सल्लागार असलेला सेनेका रोममध्ये याच विषयावर लिहीत होता. त्याचा भाऊ गल्लियो करिंथ येथे न्यायासनावर असताना पौलाला त्याच्यापुढे उभे करण्यात आले होते, हे येथे सहज आठवते. पौलाने प्रचलित कल्पना घेतली खरी, परंतु तिचा आधार हलवला. दैन्यात राहणे आणि विपुलतेत राहणे, तृप्त असणे आणि उपाशी असणे या दोन्हींचे शिक्षण आपल्याला मिळाले आहे असे सांगून लगेच तो सामर्थ्याचा उगम स्वतःत नव्हे, तर सामर्थ्य देणाऱ्यात आहे असे लिहितो. स्तोयिक आपल्या आत वळून पुरेसा होतो. पौल दुसऱ्यावर विसंबून पुरेसा होतो.

हे समाधान शिकलेले आहे, ही गोष्ट दुःखात असलेल्या विश्वासणाऱ्यासाठी मोठ्या दिलाशाची आहे. जे शिकले जाते ते एका दिवसात येत नाही, त्यात मागे पडण्याची लाज वाटण्याचे कारण नसते, आणि ते जन्मजात वृत्तीवर ठरत नाही. विपुलतेचाही शिक्षणात समावेश आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. भरल्या घरात समाधानी राहणे हा अभाव सोसण्याइतकाच कठीण, कदाचित अधिक फसवा, धडा आहे. तेराव्या वचनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या सामर्थ्याने सर्व काही करता येते या वचनाची, परीक्षा, स्पर्धा किंवा व्यवसाय यांतील यशाची हमी म्हणून भिंतीवर जी प्रतिष्ठापना होते, ती संदर्भाला सोडून आहे. ज्या ‘सर्व काही’विषयी पौल बोलतो त्यात उपाशी राहणे आहे, जिंकण्याचे वचन तेथे नाही.

यानंतरचे वचन बहुतेक प्रवचनांत वगळले जाते, आणि विषयाचा गाभा तेथेच आहे. सर्व परिस्थितीत समाधानी असल्याचे सांगून झाल्याबरोबर पौल म्हणतो की, तरीही तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले. समाधानी माणसाला मदतीची गरज नाही, असा निष्कर्ष तो काढू देत नाही. पुढील वचनांत तो हिशेबाची भाषा वापरतो : देणेघेणे, खात्यावर जमा होणारे फळ, आणि व्यापारी पावतीवर लिहीत त्या धर्तीचे, सर्व काही पोहोचल्याचे शब्द. शिवाय ही मदत सधनांनी पाठवलेली नव्हती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात मासेदोनियातील मंडळ्यांचे पराकाष्ठेचे दारिद्र्य आणि विपुल आनंद यांचा एकत्र उल्लेख आहे. तेव्हा समाधान हा एकट्या कैद्याचा पराक्रम नव्हे. त्याला जेवण पोहोचवणारी मंडळी त्या समाधानाचा भाग आहे, आणि आजाऱ्याला किंवा कर्जात बुडालेल्याला आनंद करण्याचे वचन ऐकवून रिकाम्या हाताने परतणारी मंडळी पौलाचे अर्धेच पत्र वाचते.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, जेरमाया बरोज या प्युरिटन उपदेशकाने याच अकराव्या वचनावर प्रवचने दिली; ती त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात. समाधान मिळकत वाढवून नव्हे, तर इच्छा परिस्थितीच्या मापात आणून मिळते, असे तो मांडतो. विचार खोल आहे, परंतु तो अन्याय सोसणाऱ्याच्या तोंडावर फेकला की विषारी होतो, कारण मग विधवेने आपल्या वाट्याला आलेल्या छळाच्या मापातच इच्छा कापाव्यात असे सांगता येते.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मिळते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगाव येथे दुष्काळग्रस्त मुली व स्त्रियांसाठी मुक्ती सदन उभे केले. स्वतःच्या वाट्याला आलेल्या अभावाविषयी ज्या स्त्रीने देवाशी भांडण मांडले नाही, तिने हिंदुस्थानातील विधवांच्या वाट्याला आलेल्या अवस्थेविषयी समाधान मानण्यास ठाम नकार दिला. या दोन वृत्तींत विरोध नाही. आपला वाटा देवाच्या हाती सोपवलेला असल्याने तिची शक्ती स्वतःच्या गाऱ्हाण्यात खर्च झाली नाही, आणि म्हणून ती दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यासाठी उरली. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा निवर्तली, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यानंतर, १९२२ मधील त्यांच्या स्वतःच्या मृत्यूपूर्वी, पुरे केले. मुलीचे दुःख त्यांना कमी झाले असेल असे मानण्याचे काहीच कारण नाही. एपफ्रदीताविषयी लिहिणाऱ्या पौलालाही तसे मानता आले नसते.

चौथ्या अध्यायातील सहाव्या व सातव्या वचनांचा, म्हणजे चिंता, आभारप्रदर्शनासह प्रार्थना आणि मनाचे रक्षण करणारी देवाची शांती यांच्या परस्परसंबंधाचा विचार पुढील लेखांकात होईल; युवदीया आणि सुंतुखे या दोन सहकारी स्त्रियांमधील मतभेदाचा उल्लेख त्या वचनांच्या थोडा आधी का येतो, हा प्रश्नही तेथेच घ्यावा लागेल.