दोन चाके, एक साखळी

‘डबलसीट’ हा शब्द मराठी घरांना नवा नाही. एकाने घाम गाळायचा आणि दुसऱ्याने कॅरिअरवर बसून “अहो, जरा जपून!” म्हणायचे, अशी ती सरळ श्रमविभागणी. पण युरोपात काही दांपत्ये सुटीत ज्या सायकलीवरून शेकडो किलोमीटर भटकतात, तिच्यावर पायडल दोघांनाही मारावे लागते. आणि तेही आरामखुर्चीत रेलावे तसे, पाय पुढे पसरून!

ही रेललेली सायकल कालपरवाची नव्हे. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी आधी दोघांनी शेजारीशेजारी बसून चालवायची चारचाकी ‘व्हेलोकार’ केली आणि मग तिच्यावरून दुचाकी काढली. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने या दुचाकीवरून तासाभरात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी बांधली, की ही बिचारी दाराबाहेर!

तिचे मर्म सोपे आहे. शरीर आडवे झाले की वारा कमी अडतो. मनगटे आणि बैठकही दुखत नाही. मात्र चढावर उभे राहून जोर लावता येत नाही. जोडीची सायकल सपाटीवर वेगाने पळते, कारण पाय चार आणि वारा जवळजवळ एकाचाच; चढावर मात्र दोघांचे वजन ओढावे लागते.

खरी परीक्षा पुढेच आहे. बहुतेक सायकलींत दोघांची पायडले एकाच साखळीने बांधलेली असतात. एक थांबला की दुसराही थांबतो. हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हाती. मागच्याला इंग्रजीत इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचे नाव! खड्डा त्याला दिसत नाही, म्हणून पुढच्याने सांगायचे आणि मागच्याने विश्वास ठेवायचा. जर्मनीच्या ‘पिनो’ सायकलीने ही मांडणी उलटी केली. तिच्यावर एक जण पुढे रेलून बसतो, दुसरा मागे ताठ बसून हाकतो. रस्ता दोघांनाही दिसतो आणि दमल्यास पुढच्याला पाय थांबवता येतात.

अशा जोड्यांचा एक आवडता मार्ग म्हणजे डॅन्यूबकाठचा. पासाऊला तीन नद्यांचा संगम पाहून निघावे आणि मेल्कचा मठ, वाखाऊचे द्राक्षमळे मागे टाकीत तीनशेहून अधिक किलोमीटरांवरचे व्हिएन्ना गाठावे. वाट बरीचशी सपाट आहे.

दोन वेगळ्या सायकलींवर बळकट माणूस पुढे जाऊन थांबतो, दमलेला येऊन पोहोचतो तोच पहिला पुन्हा निघतो! येथे कुणीच मागे राहत नाही. दृष्टी अधू असलेल्या जोडीदारालाही प्रवास घडतो. सप्तपदीत सात पावले जुळली की भागते. या सायकलीवर ती व्हिएन्नापर्यंत जुळवीत न्यावी लागतात.