सागरी मत्स्यालयातील घटता सामू : उपायाआधी निदान

क्लाउनफिशसारख्या शोभिवंत सागरी माशांचे बीज बंदिस्त टाक्यांत तयार करण्याचे तंत्रज्ञान कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आणि किनारपट्टीवरील कुटुंबांना घरातील एका खोलीत करता येईल असा जोडधंदा उपलब्ध झाला. या टाक्यांत वारंवार उद्भवणारी अडचण म्हणजे पाण्याचा सामू घटणे. समुद्राच्या पृष्ठजलाचा सामू साधारणतः ८.१ च्या आसपास असतो. टाकीतील सामू सातत्याने ७.८ च्या खाली राहू लागला, की कारणाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

पीक पिवळे दिसताच फवारणीचा पंप हाती घेणे जसे घातक, तसेच सामू घटताच टाकीत सोडा ओतणेही घातक असते. घटलेला सामू हा रोग नसून लक्षण आहे.

मोजमापाची खातरजमा

सामूमापक सात आणि दहा सामूच्या प्रमाणित द्रावणांत तपासून घ्यावा. रंगबदलाचा संच वापरत असल्यास तो खाऱ्या पाण्यासाठीचा आणि मुदतीतील असावा. मोजणीची वेळ रोज एकच ठेवावी. टाकीत शैवाल किंवा प्रवाळ असल्यास रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. त्यामुळे पहाटे सामू सर्वांत कमी आणि सायंकाळी सर्वांत जास्त आढळतो. पहाटेच्या एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

दोन मुख्य कारणे

पहिले कारण कार्बन डायऑक्साइडचे आधिक्य. हा वायू पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल तयार होते. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असते. माणसांची वर्दळ असलेल्या बंद खोलीत ते १००० भागांच्याही पुढे जाते. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून घेतल्यावर सामू उतरण्याचे हे एक नेहमीचे कारण होय.

दुसरे कारण विम्लतेची, म्हणजेच अल्कलिनिटीची, तूट. विम्लता ही आम्ल सोसण्याची पाण्याची क्षमता होय. समुद्राच्या पाण्यात ती कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात लिटरमागे सुमारे ११५ ते १२० मिलिग्रॅम असते. जैविक गाळणीतील जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तेव्हा अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे ७.१ मिलिग्रॅम विम्लता खर्ची पडते. माशांची दाटी आणि अतिरिक्त खाद्य यांमुळे ही तूट वाढते. पावसाळ्यात नदीमुखाजवळून भरलेल्या पाण्यात मुळातच क्षार आणि विम्लता कमी असू शकतात. म्हणून क्षारताही तपासावी.

एक तासाची चाचणी

टाकीतील एक लिटर पाणी स्वच्छ भांड्यात घेऊन सामू नोंदवावा. घराबाहेर सावलीत एअर पंपाने त्यात तासभर हवा सोडून पुन्हा मोजावा. टाकीतील ताजे पाणी घेऊन हीच कृती खोलीत करावी.

- बाहेर सामू वाढला, खोलीत वाढला नाही : खोलीतील हवा कोंदट आहे. खिडक्या उघडाव्यात किंवा एअर पंपाची नळी बाहेरून हवा घेईल अशी जोडावी.
- दोन्हीकडे वाढला : टाकीतील वायुवीजन अपुरे आहे. पृष्ठभागाची हालचाल वाढवावी, घट्ट झाकण सैल करावे.
- कोठेही वाढला नाही : विम्लतेची तूट संभवते.

निष्कर्ष कोणताही निघो, विम्लता संचाने मोजल्याखेरीज सोडा वापरू नये.

विम्लतेची भरपाई

यासाठी खाण्याचा सोडा वापरावा. बेकिंग पावडर चालत नाही. १०० लिटर पाण्याची विम्लता ८० वरून १२० मिलिग्रॅमपर्यंत न्यायची असल्यास सुमारे ६.७ ग्रॅम सोडा लागतो. त्याचे तीन समान भाग करावेत. रोज एक भाग गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रवाह जोरात असलेल्या जागी सावकाश सोडावा. प्रत्येक मात्रेपूर्वी विम्लता पुन्हा मोजावी. या सोड्याने सामू लगेच वाढत नाही. तो अधिक मात्रेचा संकेत समजू नये. धुण्याचा सोडा आणि चुना यांनी सामू झपाट्याने चढतो, म्हणून नवख्याने ते टाळावेत.

टाकीत शिंपले किंवा प्रवाळाचा चुरा घातला की सामू आपोआप सावरतो, हा समज अपुरा आहे. सागरी पाण्याच्या नेहमीच्या सामूला हा चुरा फारसा विरघळत नाही.

अमोनियाकडे दुर्लक्ष नको

सामू वाढवण्यापूर्वी अमोनिया तपासणे अनिवार्य आहे. सामू ०.३ ने वाढला, तर अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. कमी सामूत कशीबशी तगलेली मासळी सोडा घातल्यानंतर काही तासांत दगावते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. अमोनिया आढळल्यास खाद्य थांबवावे आणि समान तापमानाच्या व क्षारतेच्या ताज्या पाण्याने अंशतः पाणी बदलावे. ताज्या पाण्याचा सामू टाकीपेक्षा बराच जास्त असल्यास हा बदल थोडाथोडा करावा. सामूकडे त्यानंतरच वळावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी मत्स्यपालकांना सामू, विम्लता, क्षारता, तापमान आणि अमोनिया यांची वेळेसह नोंदवही ठेवण्यास प्रवृत्त करावे. आठवडाभराच्या नोंदी समोर असल्या, तर सोड्याच्या पुडीला हात लावण्याआधीच बहुतेक वेळा कारण उलगडते.