थंडीत पाण्याचे पाइप का फुटतात? हिवाळ्याआधी करायची ५ कामं

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली गेला तरी कुणाला नवल वाटत नाही.

घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात मी बागेतला होज पाइप बाहेरच्या नळाला तसाच लावून ठेवला. चार महिने काहीच झालं नाही. एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला नळ सोडला, आणि बायको बेसमेंटमधून ओरडली, "अरे, भिंतीतून पाणी येतंय!"

झालं काय होतं? इथल्या बाहेरच्या नळांची दांडी लांब असते. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत, उबेत असतो. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी बाहेर निथळून जातं. पण होज लावलेला असेल तर ते तिथेच अडकतं, गोठतं आणि नळी फाटते. व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत गळती दिसत नाही. आमच्या भाषेत, बग डिसेंबरमध्ये आला, क्रॅश एप्रिलमध्ये झाला!

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण घरातला पाइप बऱ्याचदा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचा गोळा वाढत जातो आणि त्याच्या व बंद नळाच्या मध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढतो. पाइप फुटतो तो तिथे. म्हणून नळ थोडा ठिबकत ठेवला की दाबाला वाट मिळते.

तर करायचं काय?

१. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीआधी होज काढा.
२. बाहेरच्या नळासाठी घरात वेगळा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून पाणी काढून टाका.
३. लॉनच्या स्प्रिंकलरमधलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने काढावं लागतं. दाब जास्त झाला तर पाइपच फुटतात, त्यामुळे जाणकार माणूस बोलवा.
४. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा आणि तो नळ ठिबकू द्या.
५. डिसेंबरमध्ये भारतात जाताय? पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, पण हीटिंग बंद करू नका. किमान १३ अंशांवर ठेवाच.

आणि हो, तो मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा. पाणी वाहायला लागल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.