‘साधारण’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्नावली तयार करताना पाच पर्यायांची पट्टी आपण सवयीने टाकतो: खूप चांगलं, चांगलं, साधारण, वाईट, खूप वाईट. दोन्ही टोकांचा विचार केलेला असतो. मधला ‘साधारण’ मात्र सगळ्यांना सारखाच कळतो असं धरून चालतो. बुलढाणा जिल्ह्यात शेतीवर काम करायचं असेल, तर हाच मधला शब्द तुम्हाला सगळ्यात जास्त दमवेल.

भेंडवळची घटमांडणी तुम्ही ऐकली असेल. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते. भाकिताला शास्त्रीय आधार नाही, पण तो इथला विषय नाही. त्यातले शब्द बघा: एखादं पीक ‘सर्वसाधारण’, एखादं ‘मोघम’. प्रमाण मराठीत मोघम म्हणजे स्पष्ट न सांगितलेलं. ते ऐकून शेतकरी त्या पिकाखालचं क्षेत्र कमी करतो का? की ‘मोघम’ आणि ‘साधारण’ त्याला एकच वाटतात? एवढ्यावर एक चांगला लघुप्रबंध होईल.

आता हवामान खात्याकडे या. तिथे आकडे आहेत, म्हणून गोंधळ नाही असं वाटतं. देशपातळीवर हंगामाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्के असला की तो ‘सामान्य’. ही सरासरी 1971 ते 2020 या काळावरून काढलेली, 87 सेंटीमीटर. पण जिल्ह्याचा पाऊस मोजताना त्याच खात्याचा ‘सामान्य’ उणे 19 ते अधिक 19 टक्के इतका पसरतो. म्हणजे सरासरीच्या 81 टक्के पाऊस झालेला जिल्हाही सामान्यच. शिवाय ही हंगामाची बेरीज. ऐन शेंगा भरताना तीन आठवडे पावसाने दडी मारली आणि सप्टेंबरात एकदम कोसळला, तर बेरीज जुळते, सोयाबीन जातं. तक्त्यात ‘सामान्य’ आणि मुलाखतीत ‘काहीच झालं नाही’ असं आलं, तर लगेच शेतकऱ्याला खोटं ठरवू नका.

महसूल खात्याची पैसेवारी तिसरीच. ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचं पीक रुपयाला किती पैसे आलं, याचा हा अंदाज. नजर, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा जाहीर होते. 50 पैशांच्या खाली गेलं की परिस्थिती वाईट, वर राहिलं की ठीक, ही जुनी रेघ. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ जाहीर करायचे निकष बदलले, तरी गावात लोक अजून पैसेवारीवरूनच वर्ष मोजतात. पीक विम्यात तर ‘नेहमीचं’ उत्पन्न सूत्राने ठरतं: मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिला जोखीमस्तराने गुणायचं, की उंबरठा उत्पन्न मिळतं. पीक त्याखाली आलं की भरपाई. म्हणजे ‘साधारण’ कुठे संपतं यावर घरात पैसा येणार की नाही हे ठरतं. आणि आपण त्याला डोळे मिटून ‘3’ हा कोड देतो.

आता भाषेकडे, कारण मला यातलं सगळ्यात मजेशीर तेच वाटतं. ‘पाऊस साधारण झाला’ आणि ‘पाऊस साधारणच झाला’ यांत एका ‘च’चा फरक आहे, पण दुसऱ्या वाक्यात तक्रार आहे. उलट ‘बरा’ला ‘च’ लागला की मोजमाप वर जातं: ‘बराच पाऊस’ म्हणजे भरपूर. हा ‘च’ इंग्रजी भाषांतरात हमखास गळतो. म्हणून मुलाखतीचं लिप्यंतर मराठीतच करा, कोडिंगही मराठीवरच करा. आणखी एक गंमत. ‘सुमार’ फारसीतून आला, मूळ अर्थ मोजणी. ‘सुमारे दहा’ म्हणताना तो अर्थ शिल्लक आहे, पण ‘सुमार दर्जा’ म्हटलं की शिवी. ‘यथातथा’चा शब्दशः अर्थ नुसतं ‘जसं आहे तसं’, आज तो कमीपणाच दाखवतो. मधल्या जागेवरचे शब्द असे हळूहळू खाली सरकतात. त्यामुळे साठीतल्या माणसाचा ‘ठीक’ आणि विशीतल्याचा ‘ठीक’ एकाच पायरीवर आहेत हे गृहीत धरू नका, विचारून घ्या.

कसं विचारायचं? ‘पीक कसं झालं?’ याला ‘साधारण’ असं उत्तर आलं की तिथे थांबू नका. एकरी किती क्विंटल उतारा आला? मागच्या वर्षी किती होता? चांगलं वर्ष म्हणजे कोणतं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण माणूस कशाच्या मानाने बोलतोय हे त्यातून कळतं.

हीच युक्ती कामांबद्दलही लागते. ‘दिवसभर काय करता?’ असं बाईंना विचारलं तर ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर ठरलेलं. त्या ‘काही नाही’त पाणी, गुरं, निंदण, कापूस वेचणी सगळं असतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत म्हणूनच असा मोघम प्रश्न नव्हता. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशोब घेतला होता. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल, तर निदान कालचाच दिवस विचारा, आणि उठल्यापासून सुरू करा.

तक्ता बनवताना कोडच्या शेजारी दोन रकाने वाढवा: एकात माणसाचा मूळ शब्द, ‘च’सकट, दुसऱ्यात तो कशाच्या मानाने बोलला ते. दुसरा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा दिसला, तर पुन्हा गावात जायची तयारी ठेवा.