गाणं चालू असताना लुडबुड नको

टेबलावर जुना लॅपटॉप. त्याला यूएसबीच्या वायरीनं जोडलेली एक लहानशी डबी आणि डबीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे गेलेल्या दोन वायरी. या डबीला डॅक म्हणतात. फाइलमधल्या आकड्यांचे विजेचे चढउतार करायचे, एवढंच तिचं काम. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि लिनक्सवर एमपीडी नावाचा प्लेअर. त्याला स्वतःची खिडकी नाही, बटणं नाहीत. गाणं निवडायचं फोनवरून, वाजतं लॅपटॉपवर. ही मांडणी जमली की हौशी मंडळींचं पहिलं काम ठरलेलं असतं: एखादं ओळखीचं ध्वनिमुद्रण लावायचं, टर्मिनल उघडायचं आणि ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ नावाची मोजक्या ओळींची फाइल वाचायची.

ही फाइल खरं तर डिस्कवर नसतेच. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती विचारल्याक्षणी तयार करून समोर ठेवतो. काहीच वाजत नसेल तर तिच्यात एकच शब्द असतो, ‘क्लोज्ड’. गाणं चालू असेल तर त्या घडीला डॅकशी काय ठरलंय ते दिसतं: आकडे किती बिटांचे, चॅनल किती, सेकंदाला नमुने (ध्वनीची मोजमापं) किती, बफर (आकड्यांचा तात्पुरता साठा) केवढं. सीडीवरून उतरवलेलं गाणं लावलंय आणि ‘रेट’पुढे ४४१०० आहे, तर ठीक. तिथे ४८००० दिसले, तर प्लेअर आणि डॅक यांच्यामध्ये कुणीतरी आकड्यांना हात लावलाय.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा साउंड सर्व्हर. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण तो बिचारा नेमून दिलेलं काम करतो. एकाच वेळी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असतो, मेल आल्याचा टिंग वाजतो, कुणाचा तरी कॉल येतो. हे सगळे आवाज एका स्पीकरमधून काढायचे तर आधी त्यांची बेरीज करावी लागते, आणि बेरजेसाठी सगळे एकाच वेगावर आणावे लागतात. तो वेग बहुतेक ठिकाणी ४८,०००च का असतो, याला इतिहास आहे. सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. त्याआधी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकी-जपानी पद्धतीच्या टेपवर दर फील्डला (चित्राच्या अर्ध्या चौकटीला) वापरता येणाऱ्या २४५ रेघा, सेकंदाला ६० फील्ड आणि रेघेमागे तीन नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ रेघा, ५० फील्ड, तीन नमुने, पुन्हा ४४,१००. सीडीनं हाच आकडा उचलला. व्हिडिओच्या व्यवसायात मात्र ४८,००० रुळला, आणि १९९७ साली इंटेलनं संगणकांसाठी एसी-९७ हे ध्वनीचं मानक आणलं तेव्हा त्याचाही पाया ४८,०००च होता. तेव्हापासून संगणकाला हा आकडा घरचा वाटतो आणि सीडीचा पाहुणा.

या दोन आकड्यांचं गुणोत्तर १४७ ला १६०. म्हणजे दर १४७ मूळ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने गणित करून बसवायचे. आजचे चांगले रीसॅम्पलर हे इतकं सफाईनं करतात की फरक ऐकून सांगणं मुश्कील. सगळे मात्र इतके चांगले नसतात. विंडोज एक्सपीच्या काळात हे काम केमिक्सर नावाच्या भागाकडे होतं आणि गाणं ऐकणारे त्याच्या नावानं बोटं मोडत. त्याला वळसा घालण्यासाठी अनेकांनी अ‍ॅसिओची वाट धरली, जी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं मुळात रेकॉर्डिंग स्टुडिओंसाठी काढली होती. पुढे व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टनं ध्वनीची सगळी यंत्रणा नव्यानं लिहिली आणि वासापी आलं. त्याच्या ‘एक्सक्लुझिव्ह मोड’मध्ये प्लेअर डॅक एकट्याच्या ताब्यात घेतो. मग त्या डॅकमधून मेलचा टिंग ऐकू येत नाही, व्हिडिओ मुका होतो. काहींना हा दोष वाटतो. गाणं ऐकायला बसलेल्यांना तीच सोय वाटते.

लिनक्सवर हेच दोन तऱ्हांनी होतं. एमपीडीच्या सेटिंगमध्ये साउंड सर्व्हर टाळून थेट डॅकचं नाव द्यायचं, की मधला दुवाच गळाला. किंवा सर्व्हर ठेवायचा, पण त्याला शिकवायचं. फेडोरा या लिनक्सच्या वाणानं २०२१ मध्ये आपल्या ३४व्या आवृत्तीपासून पाइपवायर हा सर्व्हर स्वीकारला, त्याच्या पाठोपाठ इतरांनी. मूळ सेटिंगमध्ये पाइपवायरला फक्त ४८,०००ची परवानगी असते. ‘अलाउड रेट्स’च्या यादीत ४४,१००, ८८,२०० आणि ९६,००० लिहिले, की एकटं गाणं चालू असेल तेव्हा तो गाण्याच्या वेगानं चालतो. एका ओळीचा बदल. ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्यून’ करण्याच्या नावाखाली जे काही केलं जातं, त्यात एवढा स्वस्त आणि एवढा खरा बदल दुसरा क्वचितच असेल.

आकडे जसेच्या तसे पोचले का, हे पाहण्याची एक मजेदार चाचणी आहे. डीटीएस पद्धतीच्या सीडीवर पाच-सहा चॅनलचं संगीत साध्या सीडीच्या वेषात दडवलेलं असतं. तिची फाइल संगणकावरून ऑप्टिकल वायरीनं होम थिएटरच्या रिसीव्हरकडे पाठवायची. आकडे अखंड असतील तर रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डीटीएस’ उजळतं आणि संगीत सुरू होतं. आता सिस्टिमची आवाजपट्टी १०० वरून ९९ वर आणायची. अक्षरं विझतात आणि स्पीकरमधून नुसता खरखराट येतो, अगदी बंद पडलेल्या रेडिओ केंद्रासारखा. (हे करण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बारीक केलेला बरा.) एक टक्क्यानं प्रत्येक आकडा बदलला आणि आतला संकेत मोडला.

म्हणून आवाजपट्टीला हातच लावायचा नाही असा काही जण नियम करतात. तो जरा अतिरेकी आहे. सीडीचा नमुना १६ बिटांचा असतो, आजचे बहुतेक डॅक २४ किंवा ३२ बिट घेतात. आवाज सहा डेसिबलनं उतरवला की एक बिट खर्ची पडतो. २४ बिटांच्या डॅकमध्ये आठ बिट रिकामेच असतात, म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत उतरवूनही मूळ नमुन्यातलं काही हरवत नाही. आकडे बदलतात, संगीत बिघडत नाही.

आकड्यांचं झालं. पण ते वेळेवरही पोचावे लागतात, आणि इथे यूएसबीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. ध्वनीसाठी यूएसबीची वेगळी रीत आहे: ठरल्या क्षणी तुकडा निघणार, बिघडला तर बिघडला, पुन्हा पाठवणं नाही. जुन्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक तुकडा जातो. सीडीचे मिलिसेकंदाला ४४.१ नमुने होतात आणि नमुन्याचा दहावा भाग पाठवता येत नाही, म्हणून नऊ तुकड्यांत ४४ आणि दहाव्यात ४५.

घोळ होतो तो घड्याळांचा. संगणकात एक क्वार्ट्झचा स्फटिक, डॅकमध्ये दुसरा. दोघांत दहा लाखांत ५० एवढाच फरक आहे असं धरू. सुरांच्या दृष्टीनं हा फरक अर्ध्या स्वराच्या हजाराव्या भागाइतकाही नाही, कुठल्याही कानाला कळायचा नाही. पण तासाभरात तो ७,९३८ नमुन्यांवर जातो. डॅकच्या आतलं बफर छोटंसं असतं. तोवर ते केव्हाच रिकामं होईल नाहीतर ओसंडेल. पूर्वीच्या अनेक डॅकमध्ये डॅकनं संगणकाच्या तालाशी जुळवून घ्यायचं, अशी सोय होती, आणि त्या ओढाताणीत डॅकचं घड्याळ डळमळे; या डळमळीला जिटर म्हणतात. असिंक्रोनस पद्धतीत सूत्रं उलटली: डॅक स्वतःच्या घड्याळानं चालतो आणि ‘थोडे जास्त पाठव, थोडे कमी पाठव’ असं संगणकाला कळवत राहतो. वेव्हलेंथ ऑडिओचे गॉर्डन रँकिन यांनी ही पद्धत हौशी श्रोत्यांच्या जगात रुजवली. आज बहुतेक यूएसबी डॅक असेच असतात, आणि घड्याळ संगणकाच्या हातून गेल्यामुळे ‘सिस्टिम ट्यून करून जिटर कमी केला’ या दाव्यांतली बरीच हवा निघून जाते. जपानमध्ये काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तपासलं, तेव्हा सरावलेल्या श्रोत्यांनाही संगीतातला यादृच्छिक जिटर ओळखू येण्यासाठी तो काहीशे नॅनोसेकंदांचा असावा लागला. बऱ्यापैकी डॅकमध्ये तो याच्या कितीतरी खाली असतो.

तरीही कधी मध्येच ‘टक्’ होतं. ढोल-ताशाच्या गाण्यात ते विरून जाईल. एकट्या तानपुऱ्यावर आलाप चालू असेल तर लगेच कानाला खुपतं. विंडोजवर याचा शोध लेटन्सीमॉन नावाच्या प्रोग्रॅमनं घेतात. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवून बसतो ते तो दाखवतो, आणि वाय-फायचा किंवा बॅटरीची चौकशी करणारा ड्रायव्हर त्यात हमखास सापडतो. पाइपवायरवर ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवला की ‘एरर’च्या रकान्यात चुकलेल्या वेळांची संख्या चढताना दिसते. उपायही साधे आहेत: पोर्ट झोपवणारी यूएसबीची वीजबचत बंद करायची, प्रोसेसरचं वेग खालीवर करणं थांबवायचं, वाय-फायऐवजी वायर लावायची.

आणि बफर मोठं ठेवायचं. इथे बरेच जण उलट्या दिशेनं जातात. रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं पाहून बफर लहान करतात, रिअल-टाइम कर्नल, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारा गाभा, बसवतात. संगणकातून स्वतःचाच आवाज ऐकत वाजवणाऱ्या तबलजीला दहा मिलिसेकंदांचा उशीरही बोचतो, त्याला ते हवंच. बटण दाबल्यावर गाणं अर्ध्या सेकंदानं सुरू झालं तर ऐकणाऱ्याचं काय बिघडतं? एमपीडी मुळातच अर्ध्या सेकंदाचं बफर मागतो, म्हणजे २२,०५० नमुने हाताशी. एखाद्या ड्रायव्हरनं पाच मिलिसेकंद खाल्ले तरी पत्ता लागत नाही. रिअल-टाइमचे बदल वीसेक वर्षांच्या कामानंतर २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आले. ती मोठी कामगिरी आहे, पण शांतपणे सीडी ऐकणाऱ्याला तिची गरज नाही.

संगणकाचा भार आवाजात उतरतो हा समज अगदीच निराधार आहे असंही नाही. मदरबोर्डच्या हेडफोन जॅकला कान लावून माउस हलवला, तर बऱ्याच यंत्रांवर किरकिर ऐकू येते. ती विजेची गळती असते. लॅपटॉपचा चार्जर काढला की काही घरांत घूं थांबते. ऑप्टिकल वायर लावली की विजेचा संबंधच तुटतो. बाकी खोलीतला मोठा आवाज लॅपटॉपच्या पंख्याचा, आणि तो कुठल्याही सेटिंगनं पुसला जात नाही. (छताच्या पंख्याबद्दल उन्हाळ्यात न बोललेलं बरं.) रास्पबेरी पाय हा बिनपंख्याचा चिमुकला संगणक लोकप्रिय झाला त्याचं हे एक कारण. त्यासाठी मूड किंवा व्होलुमिओ अशा फक्त संगीत वाजवण्यापुरत्या तयार सिस्टिम मिळतात. वर बसवायच्या चांगल्या डॅक-पाट्यांवर दोन वेगळे स्फटिक असतात: २२.५७९२ मेगाहर्ट्झचा ४४,१००च्या कुळासाठी, २४.५७६चा ४८,०००च्या. दोन्ही आकडे आपापल्या वेगाच्या ५१२ पट.

याच्या पुढे श्रद्धेचा प्रांत लागतो. अमक्या कर्नलवर बासरी मोकळी वाटते, फ्लॅकपेक्षा (म्हणजे काही न गमावता दाबलेल्या फाइलपेक्षा) न दाबलेली वेव्ह फाइल गोड लागते, सत्तर सर्व्हिसेस बंद केल्यावर पडदा दूर झाला, वगैरे. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीचा एमडी-५ ठसा साठवलेला असतो; उलगडल्यावर ठसा जुळला तर दोन्हींतले आकडे एकच. कानाची परीक्षा घ्यायची तर फूबार-२००० या प्लेअरला एबीएक्सची जोड मिळते. कुठलं काय वाजतंय ते न दाखवता ओळखायला लावतात. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं, तर निव्वळ नशिबानं एवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत येते. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये याहून मोठी परीक्षा घेतली होती. उच्च दर्जाचा ध्वनी एकदा थेट, एकदा सीडीच्या दर्जातून गाळून. ५५४ वेळा विचारलं, उत्तरं बरोबर आली ४९.८ टक्के. आवाजाची पातळी न जुळवता तुलना करणाऱ्याला मात्र दर वेळी फरक ‘दिसतो’, कारण किंचित मोठं ते बरं वाटतं.

खरी डोकेदुखी अपडेटची. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हर बदलतो आणि आवाजात फेरफार करणाऱ्या ‘एन्हान्समेंट्स’ पुन्हा चालू झालेल्या सापडतात. लिनक्सवर नवीन कर्नल आला की कार्डांचे क्रमांक उलटेपालटे होतात, काल शून्य असलेला डॅक आज एक होतो आणि शून्यावर टीव्हीची एचडीएमआय येऊन बसते. म्हणून एमपीडीच्या सेटिंगमध्ये कार्डाचा क्रमांक न लिहिता नाव लिहितात. फोनवर तर अँड्रॉइड १४ येईपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, यूएसबी डॅकला अखंड आकडे देण्याची सोय सिस्टिममध्ये नव्हती. काही प्लेअर स्वतःचा ड्रायव्हर घेऊन फिरत. आता सोय आहे, पण ती प्लेअरनं मागून घ्यावी लागते, आणि न मागणाऱ्या प्लेअरचं गाणं आजही बाकीच्या आवाजांबरोबर मिक्सरमधूनच जातं.