दुःख सांगण्यात कमीपणा कसला?

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांनो, पहाटेची जात्याची घरघर आठवते का? दळता दळता आई, आजी ओव्या म्हणायच्या. त्यात विठोबा असायचा, भाऊराया असायचा, तसाच सासुरवासही असायचा. नवऱ्याचा मार, दुरावलेलं माहेर, हातातून गेलेलं लेकरू, हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती. ते बाई जात्याला सांगायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

ओवीने सासुरवास टळला नाही. पण दळण सरेपर्यंत मन हलके होई. सोबत दळणारीलाही कळे, की हे भोग आपल्या एकटीचे नाहीत.

पुढे गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले. ते बरेच झाले. पण बोलायची ती जागा गेली. पुरुषांना तर अशी जागा आधीपासूनच कमी. गारपीट होवो, कापसाचा भाव पडो, सोसायटीचे कर्ज थकलेले असो, पारावर बसून गडी म्हणणार, "चाललंय बरं!" बाप्यानं रडायचं नसतं, हे आपणच पोराला शिकवतो. मग कोंडलेलं दुःख दारूत जातं, नाही तर बायकापोरांवर निघतं. अशाने मन मोकळे होत नाही, घर मात्र मोडते.

पिकावर रोग दिसला, की आपण पान तोडून शेजाऱ्याला दाखवतो. मनाचे दुखणेही तसेच दाखवा. "झोप लागत नाही, भीती वाटते," एवढे तरी घरात बोला. ऐकणाऱ्यानेही लगेच उपदेश करू नये. आधी पुरते ऐकून घ्यावे.

सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि गावच्या कर्मचाऱ्यांनो, पंचनाम्याला, दाखल्याला माणूस समोर येतो तेव्हा दोन मिनिटे जास्तीची द्या. "आता जगण्यात राम नाही," असे कोणी म्हणाले तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा नंबर आहे १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर हा नंबर आजच लिहून टाका.