विश्लेषण : फोटोंचा आकडा जुळला, म्हणजे बॅकअप झाला का?

फोनवर ‘स्टोरेज फुल’चा संदेश झळकतो. घरातले कोणीतरी फोटो हार्ड डिस्कवर कॉपी करते, दोन्हीकडचा आकडा साधारण सारखा दिसतो आणि फोनमधले मूळ फोटो डिलीट होतात. सहा महिन्यांनी कळते, की लग्नाच्या अल्बममधले काही फोटो उघडतच नाहीत. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा आली. तेव्हापासून अनेकजण पुन्हा हार्ड डिस्ककडे वळले आहेत. मात्र डिलीट करण्याआधीची पडताळणी बहुतेक वेळा नजरेनेच होते. हे काम चार-पाच छोट्या आज्ञा एकमेकींना जोडून नेमकेपणाने करता येते.

आज्ञा जोडायच्या म्हणजे काय?

मॅक आणि लिनक्समध्ये ‘टर्मिनल’ असतेच. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डब्ल्यूएसएल’ घेता येते, अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे अॅप आहे. तिथली प्रत्येक आज्ञा एकच काम करते. एक फाइल शोधते, दुसरी ओळी मोजते, तिसरी क्रम लावते. त्यांच्यामध्ये ‘|’ ही उभी रेघ टाकली, की पहिलीचे उत्तर थेट दुसरीच्या हाती जाते. या रेघेला ‘पाइप’ म्हणतात. बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत, असे अमेरिकेतील बेल लॅब्जचे डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणले.

(पुढच्या आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत.)

मोजणीतच चूक कशी होते?

अनेकजण ‘एलएस | डब्ल्यूसी -एल’ असे लिहितात. ‘एलएस’ फोल्डरमधली नावे दाखवते, ‘डब्ल्यूसी -एल’ ओळी मोजते. पण आत आणखी एक फोल्डर असेल आणि त्यात ५०० फोटो असतील, तर ते सगळे मिळून ‘एक’ मोजले जातात. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल तर यात धरल्याच जात नाहीत. त्याऐवजी ‘सीडी’ आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जाऊन हे द्यावे :

फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल

यात टिंब म्हणजे ‘इथून खाली सगळीकडे’ आणि ‘-टाइप एफ’ म्हणजे फक्त फाइल, फोल्डर नकोत. तरीही दोन्हीकडचा आकडा एक-दोनने चुकू शकतो. मॅक ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल स्वतःच तयार करतो, व्हॉट्सअॅपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ असते. फरक दिसला म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. उलट आकडा जुळला म्हणून निर्धास्तही होता येत नाही. एक फोटो राहिला आणि एक अशी फालतू फाइल वाढली, तरी बेरीज तीच येते.

मग कोणता फोटो राहिला, हे कसे कळणार?

दोन्हीकडे नावांची यादी करायची :

फाइंड . -टाइप एफ | सॉर्ट > ~/फोन.टीएक्सटी

हार्ड डिस्कवर हीच आज्ञा ‘डिस्क.टीएक्सटी’ या नावाने द्यायची. ‘>’ या खुणेमुळे उत्तर फाइलमध्ये साठते. ‘~/’ म्हणजे होम फोल्डर. यादी फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर ती स्वतःलाही मोजून घेते! फोनमधली यादी टर्मक्समध्ये बनवून लॅपटॉपवर पाठवली तरी चालते. नंतर :

कॉम -३ ~/फोन.टीएक्सटी ~/डिस्क.टीएक्सटी

‘कॉम’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एम’ आहेत. ही आज्ञा दोन्हीकडे असलेली नावे वगळते. फक्त फोनमध्ये असलेली डावीकडे आणि फक्त डिस्कवर असलेली थोडी आत सरकवून दाखवते. याद्या एकाच क्रमात नसतील तर मात्र ती गडबडते, म्हणून शंका आल्यास दोन्ही याद्या लॅपटॉपवर पुन्हा ‘सॉर्ट’ कराव्यात.

मराठी नावे देणाऱ्यांसाठी इथे एक खास अडचण आहे. ‘वऱ्हाड’ या नावाची फाइल दोन्हीकडे दिसते, तरी ‘कॉम’ तिला वेगळी ठरवू शकते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ अधिक नुक्ता असे दोन चिन्हांतही. मॅकची जुनी ‘एचएफएस प्लस’ पद्धत नावे साठवताना अशी अक्षरे फोडते. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो.

नाव तेच, पण आतला फोटो तोच आहे का?

खरा धोका इथे आहे. कॉपी होताना केबल निघाली, तर नाव तयार होते पण मजकूर अर्धवट राहतो. पूर्ण रिकाम्या फाइल ‘फाइंड . -टाइप एफ -साइझ ०’ने सापडतात. अर्धवट फाइल शोधायला प्रत्येक फोटोचा ‘ठसा’ काढावा लागतो :

फाइंड . -टाइप एफ -एक्झेक शा२५६सम {} + | सॉर्ट > ~/ठसे-फोन.टीएक्सटी

‘शा२५६सम’ फाइलमधला प्रत्येक बाइट वाचून ६४ चिन्हांचा एक ठसा देते. एक बाइट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. डिस्कवरही अशीच यादी करून दोन्ही ‘कॉम -३’ला दिल्या, की खराब प्रत लगेच उघडी पडते. हजारो फोटो आणि व्हिडिओ असतील तर याला बराच वेळ लागतो. ‘फोन चार्जरला लावून झोपा’ या प्रकारातले हे काम आहे. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो इथे कधीच जुळणार नाही, कारण अॅप तो आकाराने लहान करते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जुळतो.

दोन्ही फोल्डर एकाच संगणकाला जोडलेले असतील, तर ‘डिफ -आरक्यू’ या आज्ञेपुढे दोन्ही फोल्डरची नावे दिली तरी पुरते. कुठली फाइल एकाच बाजूला आहे आणि कुठल्या फाइलचा मजकूर वेगळा आहे, हे ती सांगते. सगळे जुळत असेल तर ती काहीच छापत नाही. नवख्याला वाटते आज्ञा चाललीच नाही, पण हाच तिचा होकार असतो.

यादी नंतर टाकून द्यावी का?

नको. हार्ड डिस्क पडून पडूनही बिघडतात. डिस्कवर काढलेली ठशांची यादी वेगळ्या ठिकाणी, अगदी स्वतःला ईमेल करूनही, ठेवता येते. वर्षभराने डिस्कवरच्या त्याच फोल्डरमध्ये जाऊन ‘शा२५६सम -सी’पुढे त्या यादीचे नाव दिले, की प्रत्येक फोटोपुढे ‘ओके’ किंवा ‘फेल्ड’ असा शेरा येतो. सोबत ‘--क्वाएट’ जोडले तर फक्त बिघडलेल्यांचीच नावे दिसतात.